झांज थांबवणारी बोटं

शेवटचं गाणं संपताना सगळ्यांनी एकदम थांबायचं आणि बाबाने झांजेची कड चिमटीत धरून तिचा नाद तोडायचा, ही त्यांच्या बँडची जुनी रीत. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बाबाच्या डाव्या हाताला ती चिमूट जमत नाही. सगळे थांबतात, आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमची ती रबरी झांज आपली स्पीकरमधून घुमत राहते. बँडमधलं कुणी काही बोलत नाही. तेच त्याला लागतं.

"शुक्रवारी क्लबात शेवटचं वाजवतो," तो म्हणाला. "मग बसू दे नेव्हिलच्या जावयाला माझ्या स्टुलावर."

"शुक्रवार होईपर्यंत काही ठरवू नकोस ना," मी म्हटलं.

माझी तान्ही लेक मेबल दुपारी झोपते, तेवढाच माझा वेळ. ती होण्याआधी मी इथे, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या कारखान्यात सेन्सर बसवायचे, तेव्हा या कामाला हात सरावलेला. बाबाचे ड्रम मी घरी आणले. झांजेच्या कडेखाली आवाज तोडायला दाबायची पट्टी असते. ती काढून मी कडेभर पातळ तांबं चिकटवलं आणि त्याची तार एका छोट्या सर्किटला जोडली. आता दाबायला नको, नुसतं बोट टेकलं की आवाज बंद. एक कान पाळण्याकडे मोकळा ठेवून हेडफोनवर वाजवून पाहिलं. ताप बघायला मेबलच्या कपाळावर टेकवते तितक्या हलक्या बोटानेही झांज गप्प झाली.

गुरुवारी बाबा आला. बाहेर उत्तरेचं कोरडं वारं सुटलेलं, उंबऱ्यावर लाल धूळ. त्याने काठी मारली, डावा हात कडेला लावला. झांज वाजतच राहिली. परत मारली, परत तेच.

"यंत्रालाही कळलंय, या हातात आता कुणी राहत नाही," तो म्हणाला आणि उजव्या हाताने वैतागून आणखी एक ठोका दिला.

माझ्या कडेवरून मेबल वाकली आणि तिने लाळेचा पंजा झांजेच्या कडेवर ठेवला. आवाज तिथल्या तिथे तुटला.

"हिलाच बसव स्टुलावर," बाबा म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी सगळं माझ्या हाताच्या मापाने जुळवलं होतं. माझा हात दिवसभर बाटल्या धुणारा, बाळाला क्रीम चोपडणारा, सदा ओलसर. बाबाने जन्मभर वेल्डिंग केलेलं. त्याची बोटं निलगिरीच्या सालीसारखी कोरडी, त्यात हे वारं. तांब्याला ती जाणवतच नव्हती.

मी त्याचा हात धरून कडेवर ठेवला आणि लॅपटॉपवरचा आकडा पाहिला. हलला, पण जेमतेम. सेन्सर आणखी हळवा केला, तर काठी धरलेली मूठ जवळून गेली तरी झांज बिचकून गप्प व्हायला लागली. पुन्हा होता तसा केला. हात मात्र मी सोडला नव्हता. लहानपणी रस्ता ओलांडताना हा हात मला ओढत न्यायचा. त्यानंतर कधी धरला होता, आठवेना.

मी मेबलच्या पिशवीतून क्रीमची ट्यूब काढली.

"हे तिच्या ढुंगणाला लावतेस ना?"

"हो. बोटं पुढे कर."

एकेक बोट चोळत होते, तेव्हा तो खिडकीकडे बघत म्हणाला, "केरिन, या बोटांना काही जाणवत नाही गं. टेकली की नाही, कळणार कसं?"

हे त्याने डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं.

"आवाज थांबला की कळेल," मी म्हटलं.

त्याने ठोका दिला आणि बोटं टेकली. झांज थांबली. त्याने हात बराच वेळ तिथून उचलला नाही.

शुक्रवारी क्लबात पहिल्याच गाण्याच्या शेवटी बाबाने बोटं टेकून पाहिली, तरी झांज घुमत राहिली. क्रीम सुकलं होतं. बाबाने सगळ्यांसमोर शर्टाच्या खिशातून ट्यूब काढली आणि बोटांना चोपडायला लागला.

"काय रे डेस, पुरळ उठलं का?" बँडचा गायक नेव्हिल माइकवरून म्हणाला. लोक हसले. बाबाही हसला.

शेवटच्या गाण्याला सगळे थांबले, आणि झांजही थांबली. फक्त बिअरच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. बाबा आपल्या बोटांकडे बघत होता.

गाडीत ड्रम भरताना मी ट्यूब मागितली.

"तिला दुसरी घे," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी मला लागेल."