सरांच्या टेबलावरचं शून्य

प्रयोगशाळेत सगळे तिला धाकटी म्हणत, कारण सगळ्यांत शेवटी आलेली तीच. शेवटी आलेल्याला टेबल मिळत नाही, हा तिथला न लिहिलेला नियम. मग ती दोन स्वेटर चढवून शीतखोलीत, रसायनांच्या बाटल्या ठेवायच्या फळीवरच काम करायची. बोटं आखडायची, पण डॉक्टरेट हवी असेल तर बोटांचे लाड करून कसं चालेल?

सरांनी दिलेलं काम तसं नावापुरतंच होतं. व्हिटॅमिन डीचं हार्मोन पेशीत शिरलं की ज्या प्रथिनाला चिकटतं, तो रिसेप्टर एका जातीच्या कॅन्सरपेशींत नसतोच, असं सरांनी बावीस वर्षांपूर्वी छापलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं. रिसेप्टरच नाही, तर त्या कॅन्सरवर हे हार्मोन वापरून बघायचंच कशाला, असं मग सगळ्यांनीच ठरवून टाकलं. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" हे सरांचं प्रत्येक भाषणातलं ठरलेलं वाक्य, आणि त्याला टाळ्याही ठरलेल्या. धाकटीने फक्त तेच शून्य पुन्हा एकदा आणायचं, प्रबंध बांधायचा आणि सुटायचं.

पण शून्य काही येईना. पेशी फोडून त्यांच्या रसात किंचित किरणोत्सारी केलेलं हार्मोन मिसळायचं, चार तास ठेवायचं आणि किती चिकटलं ते यंत्रावर मोजायचं. पहिल्यांदा आकडा भरघोस आला. दुसऱ्यांदाही तसाच. तिसरा आकडा घेऊन ती सरांकडे गेली, तेव्हा सरांनी चष्मा काढून ठेवला.

"पेशी आपल्याच आहेत ना?"

"हो सर. तुमच्याच साठ्यातल्या."

"मग तुझा हात चुकतोय. फळीपाशी उभं राहून कुणी प्रयोग करतं का? माझं जुनं टेबल घे. दीड महिन्यात प्रबंध द्यायचाय तुला, विसरू नकोस."

सर मनाने वाईट नव्हते, हीच खरी पंचाईत होती. टेबल ऐसपैस, खिडकीशी, बसायला गुबगुबीत खुर्ची. पहिल्याच दिवशी स्वच्छ शून्य आलं. सरांनी पाठ थोपटली, सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. फोनवर आई म्हणाली, "झालं ना बाई एकदाचं? मग रडतेस कशाला?"

ती रडत होती, कारण तिचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाच उडाला होता. तीन वेळा खोटे आकडे देणारे हात घेऊन पुढे करायचं काय? शेवटी तिने वही उघडली आणि त्या दिवशी नवीन काय काय झालं ते लिहून काढलं. टेबल नवीन. खुर्ची नवीन. आणि हो, दोन्ही स्वेटर काढले होते.

तिथे तिचं पेन थांबलं. सरांच्या कृतीत 'चार तास टेबलावर ठेवा' असंच होतं, आणि सरांच्या कृतीत बदल करायची कुणाची छाती होती? तिनेही मुद्दाम केला नव्हता. तिच्याकडे तेव्हा टेबलच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने एकाच रसाचे दोन भाग केले. एक टेबलावर ठेवला, एक शीतखोलीत. टेबलावर शून्य आलं, शीतखोलीत भरघोस. उबेत रिसेप्टर चार तासांत नासत होता. असं तिने पाच वेळा केलं आणि कागद सरांपुढे ठेवला. प्रबंध गेला तर गेला, असं मनाशी ठरवूनच ती आली होती.

सरांनी पाचही आकड्यांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"तेव्हा शीतखोली नव्हती का, सर?" तिने हळूच विचारलं.

"होती की." सर कागदाकडेच बघत होते. "मला तिथे शिंका यायच्या."

धाकटीला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"माझं वाचून किती जणांनी हे काम सोडलं असेल गं?"

प्रस्तावना लिहिताना तिने ती यादी केली होती. एकेचाळीस संशोधक, आणि त्यांच्यामागे किती रोगी, ते कुणालाच ठाऊक नाही.

"मोजले नाहीत सर," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ते खोटं कळलं होतं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.