तोंडातल्या टाचण्या

लेकीने मानसशास्त्र घेतलं आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटायला सुरुवात केली. वर्गातल्या प्रत्येकाला एका माणसाचा अभ्यास लिहून द्यायचा होता. बालपण कसं गेलं, स्वभाव कसा घडला, असलं सगळं. हिला सापडले मी, घरातल्या घरात. दोन महिने मी शिलाई मशीनवर आणि ही शेजारी वही घेऊन. माझं अंगावरचं दूध कितव्या महिन्यात सुटलं, असं विचारायची. मी म्हटलं, बाई, मला कसं आठवणार, मी तेव्हा लहान होते.

शनिवारी दुपारी वीस पानं घेऊन आली. मजकूर वाचला, मान्य आहे, अशी माझी सही हवी होती. पाचच्या आत सरांकडे पोचलं नाही तर वर्ष वाया. समोर पुतळ्यावर गिऱ्हाइकाचा झगा चढवलेला, घेर टाचायचा राहिलेला. मी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि चष्मा लावला.

चार पानं ठीक गेली. पाचव्यावर टाचण्या आल्या. कुणा जुन्या दाढीवाल्या डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे तान्ह्या बाळाचं सगळं सुख तोंडात असतं, आणि तेव्हा काही कमी पडलं की माणूस जन्मभर तिथेच अडकून राहतो. म्हणून मी तोंडात टाचण्या धरते. मी कपाळावर हात मारला. गुडघे टेकून घेर टाचताना एका हातात कापड, दुसऱ्या हातात पट्टी, मग टाचण्या काय कानात ठेवायच्या? मला शिकवणाऱ्या मास्तरांच्या तोंडात एका वेळी बारा असायच्या. त्यांनाही दूध पुरलं नव्हतं का, असं मी तिला चांगलं ऐकवलं. ती पेनाचं टोपण चावत शांतपणे म्हणाली की याला प्रतिकार म्हणतात आणि तो अपेक्षितच असतो. म्हणजे मी हो म्हटलं तरी ही बरोबर आणि नाही म्हटलं तरी हीच बरोबर. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? टोपणाबद्दल मी काही बोलले नाही.

शेवटच्या पानावर मात्र अडले. लिहिलं होतं, ‘या घरात मायेचा शब्द नव्हता. टाचण्यांनी भरलेल्या तोंडाकडे बघत मी मोठी झाले.’ माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सवयीने हात डबीकडे गेला, चार टाचण्या ओठांत धरल्याही. आणि तिने ते लगेच वहीत टिपून घेतलं.

मी टाचण्या बाहेर काढल्या.

“तू सहा वर्षांची होतीस,” मी म्हणाले. “गिऱ्हाइकाचं रेशीम कापून बाहुलीला झगा केलास. मी म्हटलं, तू झालीच नसतीस तर मी सुखात असते. दोन दिवस तू नीट जेवली नाहीस, भिंतीकडे तोंड करून झोपलीस. तेव्हापासून राग आला की मी टाचण्या धरते. टाचायला काही नसलं तरी.”

“मला हे काहीच आठवत नाही, आई.”

“मला आठवतं. लाज वाटते मला त्याची.”

आता यालाही ही एखादं नाव देणार, याची मी वाट बघत बसले. पण तिने शेवटच्या ओळी खोडल्या आणि हे लिहू का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, लिही, पण माझं ते वाक्य सौम्य करू नकोस. तिने लिहिलं, मी सही केली.

अजून तासभर होता, पण ती उठेना. मी घेराकडे वळले, तर तिने डबी आधीच उचललेली.

“तू टाच,” ती म्हणाली. “मी एकेक देते.”

काय हा वैताग! शेजारी गुडघे टेकून बसली. टाचण्या तिच्या तळहातावर, माझं तोंड रिकामं, आणि गप्प राहायला काही निमित्तच उरलं नाही. अर्धा घेर झाल्यावर मी कसंबसं म्हणाले, “तेव्हा बोलले ते खरं नव्हतं गं.”

तिने पुढची टाचणी दिली, टोक स्वतःकडे ठेवून.