लाल पाण्याचा कौल

कुंभार पिंपळगावच्या मोठ्या विहिरीपाशी सकाळीच सारं गाव लोटलं होतं. पटकी आल्यापासून डॉक्टर विहिरीत जी लाल दवा टाकत होते, तिचं पाणी पुंजाराम महाराजांनी काचेच्या पेल्यात घेतलं, त्यावरून लिंबू सात वेळा उतरवलं, कापलं आणि वर पिळलं. बघता बघता लाल पाणी पांढरं झालं. बायांनी हात जोडले.

"इख गिळलं मी," महाराज ढेकर देत म्हणाले. "काल हिरीत लाल टाकलं, त्याचा रंग गेला, तेबी मीच गिळलं. पटकी शिवंच्या बाहेर गेली. बेधडक प्या."

डॉक्टर शरदचंद्र निंबाखाली दवेच्या पेटीवर बसून होते. या हंगामातलं हे पाचवं गाव आणि हे तिसरे महाराज. आता त्यांना रागावण्याचाही कंटाळा आला होता. विहीर बंद करा, आठवडी बाजार थांबवा, असं त्यांनी परवाच तहसीलदारांना लिहून दिलं होतं. साहेबांनी ते वाचलं आणि दुसरं मत घ्यावं म्हणून महाराजांना बोलावणं धाडलं. मधल्या दोन दिवसांत कडूबा कुंभाराची बायको आणि मुलगा दोघंही गेली.

आज साहेब स्वतः विहिरीवर आले होते. त्यांनी कागद पुढे केला. "पाणी साफ आहे म्हणून सही करा, डॉक्टर. बाजार बंद केला तर गाव ओरडतं, अन् वरून जवाब मागतात. विहिरीचा रंग बिलकुल गेलाय, मी स्वतः पाह्यलं."

"रंग गेला म्हणूनच सही होणार न्हाई," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले. "घाणीशी झुंजून दवा संपते, मंग रंग उडतो. पाणी साफ असतं तर आज सकाळीही गुलाबी दिसलं असतं."

"मग पेल्यातला रंग कुठं गेला?"

डॉक्टरांनी दुसऱ्या पेल्यात लाल पाणी केलं. कडूबाची आई दुर्गाबाई पुढेच उभी होती. घरावरून उतरवून घ्यायला आणलेलं लिंबू तिच्या पदरात होतं.

"बाई, तेवढं पिळा यात. मंत्र वगैरे काही नको."

तिने लिंबू पिळलं. पाणी पांढरं झालं.

"माझ्या हातात शक्ती असती," दुर्गाबाई पेल्याकडे बघत म्हणाली, "तं माझा नातू गेला असता का?"

"लिंबाच्या रसाने दवेचा रंग जातो. कोणीही पिळावं," डॉक्टर म्हणाले. "महाराज, आता लिंबावाचून करून दाखवा. नाहीतर विहिरीचं पाणी तरी प्या."

महाराजांना एकाएकी उपास आठवला. बिनपाण्याचा.

साहेबांनी कागद फाडला. विहीर बंद, बाजार बंद, असा हुकूम तिथल्या तिथे सुटला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "परवाच तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

डॉक्टरांना पुष्कळ बोलायचं होतं, पण त्यांच्यात त्राण नव्हतं. "साहेब, मला विचाराल ते खरं कळावं म्हणून विचारा. तुम्ही आधीच ठरवलेल्याला सही पाहिजे म्हणून विचारू नका. अन् उत्तर आवडलं न्हाई, तर दुसऱ्याला विचारण्याआधी ते तपासून बघा. तपासायला पेलाभर विहिरीचं पाणी अन् चिमूटभर दवा पुरली असती."

गडी बाभळीच्या काट्या ओढत आले. विहिरीच्या तोंडावर पहिली काटी दुर्गाबाईने टाकली. दोन दिवस उशिरा.