बिनपलंगाची खोली

"हा पलंग आधी उचला," रंगमंचाच्या पायऱ्या चढता चढता मावशी म्हणाली, आणि चादर ओढून स्वतःच घडी घालू लागली.

तालीम थांबली. नाटक भाचीने लिहिलं होतं, बसवतही तीच होती. पण गोष्ट मावशीची होती. तरुणपणी मावशीचा जीव एका परदेशी माणसावर जडला होता. त्याच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली, म्हणून तो इकडे परागंदा होऊन आलेला. "काळा आहे," एवढं एकच कारण सांगून भावांनी तिच्याशी बोलणं टाकलं. घरमालकीण जिन्यात भेटली की भिंतीकडे बघून बोलायची. मावशीने असल्यांना कधी भीक घातली नाही. ते दिवस आठवले की तिचा चेहरा अजून उजळायचा. सल एकच होता: तिकडची राजवट पडली आणि तो निघून गेला. थांबू का, म्हणून एका शब्दाने विचारलं नाही.

"पण मावशी, खोलीत पलंग तर असेलच ना?" भाची म्हणाली.

"त्याच्या देशातून परागंदा होऊन आलेल्यांत कुणाकडेच नव्हता गं. सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपायचे. पुढच्या महिन्यात परत जायचं, हे दर महिन्याला ठरलेलं. भांडायचे काय, गायचे काय! माझ्या कॉफीला नावं ठेवायचे आणि किटली रिकामी करायचे." मावशी हसली. "हां, एकदा आणला होता त्याने. जुन्या बाजारातून, खांद्यावर घेऊन, सगळे जिने चढून. घामाघूम झालेला. दारात उभा राहून नुसता माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, अरे शहाण्या, उद्या तुमचं सरकार आलं की हे धूड डोक्यावर घेऊन जाणार का? परत करून ये. गेला बिचारा. हूं नाही की चूं नाही."

त्याची भूमिका करणारा नट विंगेतून पुढे आला. त्याचे वडीलही त्याच परागंदा मंडळींतले, आई इथली.

"आमच्याकडे पलंग आला, त्या दिवशी बाबांचे मित्र उठून गेले ते परत आलेच नाहीत," तो म्हणाला.

"का रे?"

"पलंग घेतला म्हणजे हा आता इथलाच झाला, असं धरायचे ते. बाबांनी आईला, तुझ्यासाठी राहतो, असं तोंडाने कधी सांगितलं नाही. पलंग आणला, बस्स."

मावशीचे हात थांबले. अर्धी घडी छातीशी धरून ती पलंगाच्या काठावर बसली. परत करायला तो जिना उतरत होता तेव्हा पलंगाचा पाय भिंतीला घासत होता, आणि तिने वरून ओरडून सांगितलं होतं, जपून, रंग जाईल भिंतीचा. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

"काढायचा का गं पलंग?" भाचीने हळूच विचारलं.

"आत्ता काढा. पण मग त्याला तो घेऊन दारात येऊ दे."

"आणि ती काय म्हणते?"

मावशीने डोळे पुसले आणि त्या रंगवलेल्या भिंतींकडे नीट पाहिलं.

"खिडकीपाशी लाव म्हणावं. तिथे सकाळचं ऊन येतं."