गच्चीवरची हाक

 उद्या विनिताचा नकाशा मंजुरीसाठी वारसा समितीपुढे जायचा होता, आणि वास्तुविशारद म्हणून स्वतःच्या नावावरची ही तिची पहिलीच इमारत. जुन्या भोपाळात, शैलेंद्रकाका बारलिंगेंच्या मोडकळीला आलेल्या घराच्या जागी तीन मजली फ्लॅट उभे राहायचे होते. काका तिच्या बाबांचे मित्र, म्हणून काम मिळालं. पण समितीने नकाशा परत पाठवला, तर काका ते काम एका ठेकेदाराला देणार होते. तो सगळ्यात आधी दारातली चिंच आडवी करणार, हेही त्यांनी तिला तोंडावर सांगून ठेवलं होतं.

म्हणून विनिताबाईंनी जीव ओतला होता. चिंचेची फांदी दुखावू नये म्हणून इमारत मागे सरकवली. दगड जुन्याच घराचा वापरायचा, उंची शेजारच्या माड्यांना धरून. बाल्कन्या मात्र सगळ्या मागच्या अंगाला, वेलींसकट. कारण मागे शेजारच्या नफीसा आपांचं अंगण होतं. डाळिंब, मोगरा, मधे छोटा हौद. मापं घ्यायला विनिता कितीदा तरी जुन्या घराच्या गच्चीवर गेली होती. दर वेळी खाली बायका केस वाळवत, लसूण सोलत बसलेल्या असायच्या आणि वर बघून तिला हात करायच्या. एवढं हिरवं, हसतं अंगण प्रत्येक बाल्कनीतून दिसावं, असं तिला वाटलं. घोडं तिथेच पेंड खात होतं आणि हिला त्याचा पत्ताच नव्हता.

तरी काहीतरी राहिलंय, असं मन खात होतं. जिना तपासला, पाण्याची टाकी तपासली, पार्किंग तपासलं. शेवटी दुपारी तिने काकांना, ते आता राहत होते त्या बाग सेवनियाहून, जागेवर बोलावून घेतलं.

"अगं, टेंशन नको घेऊस. पास होऊन जाईल," काका म्हणाले. गुडघा धरत, कण्हत ते जिना चढले. शेवटच्या पायरीवर मात्र थांबले, भिंतीला हात टेकला आणि खणखणीत ओरडले, "परदा कर लीजिए! ऊपर आ रहे हैं!"

विनिता दचकली. "हे काय काका?"

"सवय, दुसरं काय! लहानपणी पतंग उडवायला चढलो की आधी हाक. विसरलो तर आई कान उपटायची."

जरा थांबून ते गच्चीवर आले. विनिताने कठड्यावरून खाली पाहिलं. अंगण रिकामं होतं. परातीत अर्धवट सोललेला लसूण, बाजेवर कुणाचा तरी कंगवा, एक चप्पल उलटी पडलेली. ती आली की बायका तिथेच बसून राहायच्या, कारण ती बाई होती. तिला कधी हाक द्यावी लागलीच नव्हती.

"फारच सुंदर दिसतं गं इथून," काका म्हणाले. "बाल्कन्यांमुळेच फ्लॅट हातोहात जातील."

गप्प बसावं का? नकाशात चूक कुणालाच दिसली नसती. समितीला चिंच दिसली असती, दगड दिसला असता.

"काका, बाल्कनीत चहा प्यायला येणारा माणूस रोज हाक देईल?"

"तो कशाला देईल? त्याचं घर असेल ते."

"मग आपांनी आत किती वेळ बसायचं?"

काकांनी गुडघा चोळला.

"इमारत उभी आहे तोवर," तीच म्हणाली. "मी बाल्कन्या काढते. तुमच्या जुन्या घरासारखा मधे चौक देते, झाडं तिथे लावू."

काकांचा चेहरा लाल झाला. "बाल्कनीशिवाय फ्लॅट कोण घेणार? आणि आज सांगतेस? उद्या जसाच्या तसा नकाशा जाणार नसेल, तर येऊच नकोस तू. मी दुसरा माणूस बघतो." ते तरातरा जिना उतरून गेले, गुडघ्याची आठवणही न ठेवता.

विनिताला रडू फुटलं. गेली इमारत. गेली चिंचही.

खालून दाराआडून आवाज आला, "उतर गए क्या? ऊपर कौन है?"

"वो उतर गए, आपा. मैं हूँ बस."

"अरे, तू है? तेरा क्या परदा!" नफीसा आपा मोकळ्या केसांनी बाहेर आल्या, त्यांच्यामागून बाकीच्या. लसणाची परात पुन्हा मांडीवर गेली. "हमारे शैलू का मकान अच्छा बनाना, बेटी. बचपन में बिना आवाज़ दिए कभी ऊपर नहीं चढ़ा."

विनिताला आपांकडे बघवेना. तेवढ्यात जिन्यातून खाकरल्याचा आवाज आला. काका गेले नव्हते. ते वळणावरच्या पायरीवर बसून होते, आणि आपांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"नकाशात चौक रात्रीतून काढून होईल का गं?" त्यांनी तिथूनच विचारलं. वर मात्र ते आले नाहीत.