बोलण्यात सहा

निकाल आला तेव्हा देवयानी मेट्रोत दाराशी उभी होती. गाडी यमुना ओलांडत होती आणि तिने एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने फोन उघडला. ऐकण्यात आठ, वाचण्यात साडेसात, लिहिण्यात सात आणि बोलण्यात सहा. तिने पान पुन्हा उघडून पाहिलं. सहाच.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठाने तिला एम.एस्सी.साठी जागा देऊ केली होती, पण अटीवर. इंग्रजीच्या परीक्षेत चारांपैकी कशातही साडेसहाच्या खाली यायचं नाही. करोल बागेत कारच्या सीटकव्हरच्या दुकानांवर एक फिजिओथेरपीचं सेंटर आहे. तिथे देवयानी बारा वर्षं काम करत होती. पक्षाघात होऊन आलेल्या माणसांना उभं करायचं, चालवायचं, चमचा धरायला शिकवायचं. दिवसभर तिचं तोंड चालू. "हां जी, बहुत बढिया, अब दूसरा पैर, शाबाश." संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. आणि नेमकी बोलण्यात तीच अडकली.

"रिटेक दे ना यार," जेवताना अंशुमन म्हणाला. "अर्ध्या मार्काचा तर प्रश्न आहे."

"मम्मा, तू इतकी बोलतेस आणि बोलण्यातच उडालीस?" अवनीला हसू आवरेना. ती सातवीत होती आणि आईच्या इंग्रजी उच्चारांवर तिचं बारीक लक्ष असे.

टेबलाच्या टोकाला अण्णा, म्हणजे शशिकांत साठये, देवयानीचे सासरे, भातावर ताक घेत होते. त्यांनी मान वर केली नाही. "झालं काय नेमकं तिथे?" एवढंच विचारलं.

"काही नाही हो अण्णा. घाबरले."

ते खरं नव्हतं. परीक्षक बाई गोड होत्या आणि पहिलाच प्रश्न अगदी साधा होता. तुम्ही कुणाबरोबर राहता? देवयानी तोंड उघडणार, इतक्यात तिच्या मनात पुढच्या वर्षीचं उत्तर आलं. कुणाबरोबर नाही. अशा एका वर्षाच्या कोर्सला हल्ली नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही, हे तिला अर्ज करतानाच माहीत होतं. माहीत असणं वेगळं. त्या खोलीत ते तिच्या अंगावर आलं आणि त्यानंतरची सगळी उत्तरं तिने कुणीतरी दुसऱ्यानेच दिल्यासारखी दिली.

जायचं की नाही, हा प्रश्न घरात कधीच मिटला होता. दोन-तीन आठवडे व्यायाम करून पेशंट घरी जातात आणि मग तसेच अर्धवट राहतात, हे बघून बघून ती थकली होती. तिकडे घरी जाऊन महिनोन्महिने पाठपुरावा करतात म्हणे; ते कसं, हे तिला शिकायचं होतं. अंशुमनला ते पटलं होतं. विद्यापीठाची थोडी शिष्यवृत्तीही मिळत होती. अवनी म्हणाली होती, चलेगा, पण रोज व्हिडिओ कॉल. अण्णांचंही ठरलं होतं. वर्षभर ते पुण्याला लतिकाताईंकडे, म्हणजे मुलीकडे राहणार. अंशुमनने हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "बरं आहे की. पुण्याची हवा चांगली," आणि पेपर उघडला होता. सासूबाई कुमुदिनी गेल्यापासून ते असेच मोजकं बोलत.

सरावाला अंशुमन बसायला तयार होता, पण गुडगावहून तो यायचा तोवर देवयानीच्या डोळ्यांवर झोप असे. शिवाय तो वाक्य पुरं होण्याआधीच चूक काढायचा. दोन दिवसांत दोघांचं वाजलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चहा गाळत होती. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मी विचारले प्रश्न तर चालतील? माझं इंग्रजी जरा सरकारी आहे. पण आहे."

अण्णा शास्त्री भवनातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी फायलींवर इंग्रजी लिहिलं होतं. ते बोलताना देवयानीने क्वचितच ऐकलं होतं.

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, इस्त्रीचा शर्ट घातला, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. देवयानी बसली तर म्हणाले, "नो, नो. प्लीज एंटर अगेन." ती हॉलमध्ये जाऊन पुन्हा आत आली. "गुड इव्हनिंग. माय नेम इज शशिकांत साठये. मे आय नो युअर गुड नेम?"

"अण्णा!"

"धिस इज अ टेस्ट," अण्णा गंभीरपणे म्हणाले. अवनी सोफ्यावर उशीत तोंड खुपसून हसत होती. तिला आतल्या खोलीत पाठवण्यात आलं.

पहिले काही दिवस देवयानी ठेचकाळत बोलली. अण्णा मध्ये तोडत नसत, हसत नसत. उत्तर आखूड झालं की पेन वर करून म्हणायचे, "काइंडली इलॅबोरेट." हवामान, आवडता सण, मेट्रो, लहानपणीची शाळा. हळूहळू तिची जीभ सैल झाली. एक गंमत तिच्या लक्षात आली. मराठीत अण्णांशी बोलताना तिच्या आवाजात सुनेचा एक सूर असे, पदर नसला तरी पदर सावरल्यासारखा. अहो, तुम्ही, घ्या, बसा. इंग्रजीत ते काहीच नव्हतं. तिथे फक्त 'यू' होतं, त्यांनाही आणि तिलाही. पंधरा वर्षं एका घरात राहून ती त्यांच्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती.

मार्च संपत आला होता. त्या संध्याकाळी दोन मिनिटं बोलायच्या कार्डावरचा विषय होता, शेजारी. तो झाल्यावर चर्चेचा भाग. त्यातले प्रश्न अण्णा सरावाच्या पुस्तकातूनच वाचत. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं.

"तुमच्या मते," त्यांनी इंग्रजीत विचारलं, "घरातल्या वृद्ध माणसाची काळजी कुणी घ्यावी?"

देवयानीने पाठ केल्यासारखं उत्तर दिलं. समाज बदलतो आहे, एकत्र कुटुंबं कमी होताहेत, सरकारनेही जबाबदारी घ्यायला हवी.

"दॅट इज जनरल. काइंडली बी स्पेसिफिक."

ती थांबली. मग इंग्रजीतच बोलू लागली, आणि बोलताना तिला कळत होतं की हे परीक्षेचं उत्तर नाही.

"माझे सासरे माझ्याबरोबर राहतात. ते शहात्तर वर्षांचे आहेत. भूक नसली की जेवलो म्हणून सांगतात. ब्लडप्रेशरची गोळी कधीकधी विसरतात आणि मग दुसऱ्या दिवशी दोन घेतात. डिसेंबरमध्ये ते बाथरूममध्ये पडले. त्यांना वाटतं कुणाला माहीत नाही. पण माझं कामच माणसं कशी चालतात ते बघण्याचं आहे. दुसऱ्या दिवशी ते उजव्या पायावर भार टाकत नव्हते. मी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं की हिच्या जाण्यात आपण आडवे येतोय. आणि त्यांनी हो, पडलो, असं म्हटलं असतं तर मला जाता आलं नसतं. म्हणून मी गप्प राहिले. दोन्ही कारणं खरी आहेत. दुसरं मला आवडत नाही, पण खरं आहे."

खाली सोसायटीच्या मैदानात पोरं क्रिकेटवरून भांडत होती. अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"द सेड जंटलमन," ते सावकाश म्हणाले, "सदर गृहस्थांनी ही गोष्ट याच कारणासाठी दडवली होती. उमेदवाराने जायला नकार देऊ नये म्हणून." मग म्हणाले, "युअर ग्रामर वॉज करेक्ट."

देवयानीला हसूही आलं आणि डोळेही भरले. तिने नाक पुसलं. ती उठून टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेली.

"उठा," ती म्हणाली. "आता परीक्षक मी. तिकडे जाऊन बसा."

अण्णा उठून समोरच्या खुर्चीवर बसले. तिने घड्याळ आपल्याकडे ओढलं आणि इंग्रजीत विचारलं, "पुढचं वर्ष तुम्हाला कुठे काढायला आवडेल, ते सांगा. विचार करायला एक मिनिट. मग दोन मिनिटं बोला."

अण्णांनी खरोखरच मिनिटभर विचार केला. डोळे मिटून. मग ते बोलले ते फायलींचं इंग्रजी नव्हतं. वाक्यं तुटक होती, काही अर्धीच राहिली. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे. पुण्यात घर मोठं आहे. पण तिथे सकाळी उठून कुठे जायचं ते माहीत नाही. इथे माहीत आहे. इथे बागेत मल्होत्रा वाट बघतो, एक दिवस चुकला तर फोन करतो. दिल्लीत ते नोकरीला आले तेव्हा बाविशीचे होते. कुमुदिनी याच घरात शेवटपर्यंत होती. संध्याकाळी अवनी शाळेतून येते, दप्तर फेकते, आणि म्हणते आजोबा भूक. ते पुण्यात कोण म्हणणार. "आय वुड लाइक टु रिमेन," ते म्हणाले. "इफ इट इज नॉट इनकन्व्हिनियंट."

दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती. तिने थांबवलं नाही.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" देवयानी आता मराठीत बोलत होती.

"अंशुमनने इतकं नीट ठरवून आणलं होतं गं. त्यात आता खोडा कशाला घालायचा."

"खोडा म्हणजे काय?" आतल्या खोलीतून अवनीचा आवाज आला. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

अंशुमनला सांगितलं तेव्हा तो आधी वैतागला. "लतिकाताईंनी खोली रिकामी करून ठेवलीये देवयानी! आता काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांग."

"आणि अण्णा इथे दिवसभर एकटे? मी गुडगावला, अवनी शाळेत."

"म्हणून तर बोलायला बसलोय ना आपण. आधीच ठरवून मोकळा होऊ नकोस."

तो उठला. मग अण्णांच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. काय बोलणं झालं ते देवयानीने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागितलं, आणि ते मिळालं. सकाळी येऊन पोळ्या करणारी बाई दुपारीही येऊन अण्णांना वाढून जायला तयार झाली. लतिकाताई फोनवर थोड्या रुसल्या, मग दिवाळीला तिघांनी पुण्याला यायचं कबूल करवून घेऊन मोकळ्या झाल्या.

बाकीचं देवयानीच्या हातातलं होतं. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले. प्लंबरने पहिल्यांदा इतक्या उंचीवर बसवले की अण्णा म्हणाले, याला लोंबकळायचंय का. ते काढून पुन्हा लावले. पाय घसरू नये म्हणून फरशीवर खरखरीत पट्ट्या आल्या. रोज सकाळी भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहायचा व्यायाम सुरू झाला. त्यावर देखरेख अवनीची. ती पेशंटला चांगलीच कडक होती. "आजोबा, चीटिंग नही!" असा आवाज शाळेची बस येईपर्यंत घरभर घुमायचा. गोळ्यांचं काम मात्र अण्णांनी कुणाच्या हाती दिलं नाही. दात घासायच्या ब्रशाशेजारी गोळी ठेवायची युक्ती त्यांची त्यांनीच काढली.

एप्रिलमध्ये तिने परीक्षा पुन्हा दिली. या खेपेस समोर एक तरुण मुलगा होता, जरा घाईत. त्याने तिला शहरातल्या एखाद्या शांत जागेबद्दल बोलायला सांगितलं आणि देवयानी हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूच्या टेकडीबद्दल बोलली, जिथे कॉलेजात असताना ती मैत्रिणींबरोबर माकडांपासून डबा लपवत जेवायची. शेवटी त्याला घड्याळ दाखवून तिला थांबवावं लागलं. निकालात बोलण्यात सात आले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. विद्यापीठाचं पक्कं पत्र आलं, टीबीच्या तपासणीसाठी छातीचा एक्सरे झाला, व्हिसा आला. अवनीने इंटरनेटवर तिथलं तापमान बघून आईच्या बॅगेत स्वतःची लोकरीची टोपी घातली.

सप्टेंबरातल्या एका सकाळी टॅक्सी खाली आली. अंशुमन तिच्याबरोबर विमानतळापर्यंत येणार होता. अण्णा म्हणाले, ते आणि अवनी गेटापर्यंतच येतील. तिकडे गर्दीत उभं राहून करायचं काय. देवयानी पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "नीट जा. पोचलीस की फोन कर." अवनी रडली नाही. फक्त मिठी सोडायला वेळ लावला.

गाडी सुरू झाली तशी देवयानी मागे वळली. तिला वाटलं होतं दोघं गेटाशी उभे राहून हात हलवत असतील. पण भाजीची हातगाडी आली होती. अण्णा कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन भाजीवाल्याशी काहीतरी हुज्जत घालत होते आणि अवनी गाडीवरचे टोमॅटो दाबून बघत होती. दोघांची पाठ तिच्याकडे होती.

तिला जरा राग आला. मग अण्णांनी जुडी अवनीच्या हातात दिली, दोघं फाटकातून आत वळले, आणि अण्णा दोन्ही पायांवर सारखा भार टाकत चालताना तिला दिसले. टॅक्सी वळणावर आली. देवयानी पुढे तोंड करून नीट बसली आणि तिने अंशुमनचा हात हातात घेतला.