सुया बदलण्याचं प्रकरण

"हे प्रकरण कुणी लिहिलंय?" युएचिनने विचारले.

"का? चुका आहेत?" पायहानने लॅपटॉपवरून नजर न काढता विचारले.

"नाहीत. म्हणून तर विचारतेय."

सगळे हसले. ताइचुंग शहरातल्या एका वाचनालयाचा वरचा मजला दर शनिवारी या मंडळींना फुकट मिळत असे. ज्या जुन्या यंत्रांना आता कुणी वाली उरला नव्हता त्यांची माहितीपुस्तकं ही मंडळी नव्याने तयार करत. ज्याला हवं त्याने ती छापावीत, वाटावीत, सुधारावीत. पैसा द्यायचा नाही, परवानगी मागायची नाही. मात्र पुस्तक लोकांसमोर जाण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. मजकूर बरोबर आहे का, आणि तो लिहिणाऱ्याचा स्वतःचा आहे का. दुसऱ्याचा उचललेला असेल तर तो मोकळा करण्याचा हक्क कुणालाच नाही. ही तपासणी युएचिनकडे होती. ती एकटी राहायची, आठवडाभर औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रकं तपासून पोट भरायची, आणि शनिवारी हेच काम इथे फुकट करायची.

या वेळचं पुस्तक होतं मोजे विणणाऱ्या यंत्रांचं. शतोऊ गावात घराघरांत ही यंत्रं आहेत. त्यांच्यातली विजेची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, जळाली की सुट्या भागाला जवळपास नव्या यंत्राएवढी किंमत मोजावी लागे. पायहानने आणि त्याच्या मित्रांनी तशी पाटी स्वस्तात बनवली आणि तिचे आराखडे जगाला देऊन टाकले. आता सोबत पुस्तक हवं होतं.

"आखुनकाकांचं आहे ते," पायहान म्हणाला. "शतोऊचे मेकॅनिक. ते बोलले, मी टाइप केलं. गंमत सांगू का ताई, एरवी म्हातारा गावच्या बोलीत बोलतो, शिव्यांसकट. पण यंत्राला हात लावला की एकदम पुस्तकी! टीव्हीवर बातम्या देतात ना, तसा."

युएचिनने पुन्हा ती ओळ वाचली. 'चाक हाताने फिरवा. हात अडला तर थांबा. हाताला जे कळते ते मोटारीला कळत नाही.'

ही ओळ तिची होती. हीच यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत, ऐन विशीत तिने ती लिहिली होती. साहेबांनी 'हे पुस्तक आहे की कविता?' म्हणून काट मारली होती, आणि छपाईला जाताना तिने गुपचूप परत घातली होती. पुस्तकावर कंपनीचं नाव होतं. लिहिणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नव्हती आणि तिला कधी तशी अपेक्षाही नव्हती.

तिला आधी झाला तो आनंद. तो दिसू नये म्हणून तिने चहाचा पेला तोंडाला लावला.

घरी गेल्यावर तिने सगळं प्रकरण सावकाश वाचून काढलं. तेलाची एक ओळ सोडली तर शब्दन् शब्द तिचा. कंपनी कधीच बंद पडली होती. तिचं नाव आणि कागदपत्रं दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली होती, आणि ही दुसरी कंपनी तेच सुटे भाग चढ्या भावाने विकत असे. छापील पुस्तकं बहुतेक रद्दीत गेलेली. गप्प राहिलं तर कळणार कुणाला? कळलंच तर मात्र सगळं पुस्तक मागे घ्यावं लागेल, आणि ज्या कारखानदारांनी ते छापून भिंतीला लावलं असेल त्यांच्या दारी वकिलाची नोटीस जाईल.

पण खरं सांगायचं तर या भीतीने तिने ठरवलं नाही. मागे एका शिक्षकाचे दोन परिच्छेद तिने असेच परत पाठवले होते. त्याने कुठल्या तरी पंपाच्या पुस्तकातून ते उचलले होते. तो माणूस पुन्हा गटात आला नाही. तेव्हा ते नाकारूनही तिला शांत झोप लागली होती. आता स्वतःचंच नाकारताना का लागू नये?

दोन दिवसांनी तिने पायहानला फोन केला.

"ते सुयांचं प्रकरण घेता येणार नाही."

"का हो ताई?"

"कंपनीच्या पुस्तकातलं आहे. जसंच्या तसं."

"आहे का ते पुस्तक तुमच्याकडे?"

"नाही. मी लिहिलंय ते."



"अहो, मग भानगडच मिटली! तुमचंच आहे. द्या परवानगी आणि मोकळ्या व्हा."

"माझं कसलं? पगार घेऊन लिहिलं. ज्याने पगार दिला त्याचं."

"पण ताई, विचारणार आहे कोण?"

"मी. तपासायला मलाच बसवलंय ना तुम्ही?"

शनिवारी गटातल्या वकील चुआंगबाईंनी निवाडा दिला. माहितीवर कुणाची मालकी नसते, शब्दांवर असते. सुई कशी बदलायची हे कुणीही लिहू शकतो, फक्त आपल्या शब्दांत. पण ज्याने तो जुना मजकूर वाचलाय त्याने हात लावायचा नाही; नकळत तेच शब्द उतरतात. म्हणजे आखुनकाका नाहीत, युएचिन नाही, टाइप करणारा पायहान नाही, आणि गेल्या शनिवारी सगळ्यांनीच ते प्रकरण मिटक्या मारत वाचलं होतं.

"मी नव्हते गेल्या शनिवारी," चुआंगबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं. "अरे देवा! अहो, मी घरचा बल्बसुद्धा बदललेला नाही कधी."

आखुनकाकांना सांगायला युएचिन एकटी गेली. शतोऊला पेरूच्या बागांच्या मागे पत्र्याची शेड होती. आत चार यंत्रं खडखडत होती. काका सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी, बोटं काळी. त्यांनी तिला स्टूल दिलं, पेरूच्या फोडी कापून वर आंबट पूड भुरभुरली, आणि ती बोलायला लागली तसं त्यांचं तोंड आवळत गेलं.

"म्हणजे मी चोर," ते म्हणाले.

"असं नाही म्हणत मी, काका."

"मग काय म्हणताय? ताइचुंगहून गाडी करून पेरू खायला आलात? पुस्तक चोरलं म्हणे! पुस्तक कुठाय माझ्याकडे? बघा, शोधा. पुरात गेलं ते. पण तोवर पाठ झालं होतं." त्यांनी जवळचं यंत्र बंद केलं. "माझी बाग बुडाली आणि चाळिशीत हे काम धरलं मी. मालक रोज सकाळी ते पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायचा. मला कुठं धड वाचता येत होतं? त्याच्यावरच शिकलो. पोराच्या शाळेत मास्तरांना भेटायला गेलो ना, की तसंच बोलायचो, पुस्तकातलं. मास्तर म्हणायचे, काका, तुम्ही शिकलेले दिसता. आता म्हणे ते कंपनीचं!"

"ते मी लिहिलंय, काका."

"कंपनीनं लिहिलंय."

"कंपनीत मी होते."

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिला नीट पाहिलं. राखाडी केस, कापडी पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट.

"तुम्ही? मला वाटायचं कुणी म्हातारा असेल. जाड भिंगांचा."

"तेव्हा विशीत होते."

"बरं झालं भेटलात," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "ते तेलाचं काय लिहून ठेवलंय हो? रोज घाला! रोज तेल घातलं की मोज्यांवर डाग. सुरुवातीला अख्खा माल परत आला माझ्या मालकाचा. किती वर्षं शिव्या घालतोय मी त्या म्हाताऱ्याला!"

"दिवसाआड हवं होतं," युएचिन म्हणाली. "छापून झाल्यावर कळलं. मी साहेबांना सांगितलं, पण पानं बांधून झाली होती."

"दिवसाआड. मी त्या पोराला दिवसाआडच सांगितलं."

"हो. वाचलं मी. तेवढी एकच ओळ तुमची आहे."

काका हसले नाहीत, पण त्यांनी फोडींची बशी तिच्याकडे सरकवली. "खा," ते म्हणाले. "काळ्या पडतील."

पुढच्या आठवड्यात चुआंगबाई वही आणि फोन घेऊन शेडमध्ये हजर झाल्या. ठरलं असं, की काकांनी सुई बदलून दाखवायची, पण बोलायचं नाही. त्यांच्या तोंडून यंत्राबद्दल जे येई ते युएचिनचंच येई. काही विचारलं तर हो किंवा नाही. युएचिन दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यावर बसली. चुकीचं काही होत नाही ना, एवढंच तिने पाहायचं. शब्द सुचवायचा नाही.

काकांनी तुटकी सुई काढली, नवी उजेडात धरली. सुईच्या टोकाशी लहानशी जीभ असते. ती मोकळी हलायला हवी. काकांनी ती हलवून दाखवली आणि तोंड उघडलं, "सुईची जीभ आधी—"

"काका!" चुआंगबाई ओरडल्या.

"सवय आहे हो, काय करू?"

"ही घ्या गोळी. चघळा."

पेपरमिंटची गोळी गालात धरून काकांनी सुई बसवली, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं आणि मधेच थांबले.

"का थांबलात?" चुआंगबाईंनी विचारलं.

काकांनी युएचिनकडे पाहिलं. युएचिनने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. दोघांनाही उत्तर येत होतं, आणि ते एकच होतं.

"सांगा ना कुणीतरी! हो किंवा नाही यात बसत नाहीये हे."

काकांनी मग चुआंगबाईंचा हात धरला, मनगटातलं घड्याळ बाजूला सरकवलं आणि तो हात चाकावर ठेवला. बाईंनी चाक रेटलं.

"अगंबाई, अडतंय की हे!"

"हं," काका म्हणाले.

"म्हणजे आता मोटार लावली असती तर सुया मोडल्या असत्या?"

"हो."

बाईंनी वहीत काहीतरी खरडलं. युएचिनला तिथून अक्षर दिसत नव्हतं. तिने पाहायचा प्रयत्नही केला नाही.

नवं प्रकरण तिच्याकडे तपासायला आलं. चुआंगबाईंनी ते आपल्या अर्जांच्या भाषेतच लिहिलं होतं. 'सुई बसविल्यानंतर चाक हाताने फिरवावे. सदर चाकास अडथळा जाणवल्यास ते फिरविणे तत्काळ थांबवावे. सदर अवस्थेत मोटार सुरू करू नये.' एका पानावर 'सदर' इतक्या वेळा होतं की युएचिनला हसू आलं, आणि मग ते ओसरलं. एका ठिकाणी क्रम उलटा झाला होता: स्क्रू आवळून मग सुई. तेवढं तिने कळवून दुरुस्त करून घेतलं. बाकी सगळं बरोबर होतं. प्रत्येक वाक्यापाशी तिला त्याच्या जागी बसणारं दुसरं वाक्य ऐकू येत होतं. तिने ते ऐकलं आणि पुढे गेली. शेवटी नेहमीचे दोन प्रश्न आले: मजकूर बरोबर आहे? मजकूर लिहिणाऱ्याचा स्वतःचा आहे? तिने दोन्हींना 'होय' केलं, आणि पुस्तक मोकळं झालं.

छापील प्रत घेऊन ती शतोऊला गेली तेव्हा काकांच्या शेडमध्ये कामाला नवीन लागलेली एक मुलगी रिळं लावत होती. काकांनी हात पुसले आणि उभ्याउभ्या ते प्रकरण वाचलं, ओठ हलवत. बराच वेळ लागला. यंत्रं चालूच होती.

"हे वाचून सुई बदलता येईल," ते म्हणाले.

"येईल."

"चूक नाही काही."

"नाही."

त्यांनी पुस्तक मिटून रेडिओशेजारी ठेवलं. "पाठ नाही व्हायचं कुणाला."

काका वळले, एका यंत्राखालच्या टोपलीत हात घातला आणि नुकताच पडलेला एक मोजा तिच्या हातात दिला, राखाडी, वर निळा पट्टा. "जोडी नाही अजून," ते म्हणाले. "तरी घ्या." मग तिला स्कूटरवर मागे बसवून स्टेशनला सोडलं. वाटेत दोघं पेरूच्या भावाबद्दल बोलत होती.

फलाटावर बाकावर बसल्यावर तिने तो मोजा पिशवीतून काढला. यंत्रातून येतो तेव्हा मोजा नुसती नळी असतो. बोटांकडचं तोंड शिवायचं काम दुसऱ्या घरी होतं. तिने त्यात हात घातला. बोटं पलीकडून बाहेर आली. गाडी येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.